सटवाजीचा मधला क्याम

देवगाव फाट्यावर त्या काळी इंजिनाची परीक्षा रुपयानं होत असे. दुरुस्त झालेलं इंजिन सुरू करायचं, अगदी हळू चालीवर आणायचं आणि त्याच्या वरच्या झाकणावर निजामाच्या हाली सिक्क्याचा चांदीचा रुपया कडेवर उभा करायचा. रुपया उभा राहिला तर मेकॅनिक उस्ताद. पडला तर त्यानं आपली पान्यांची पेटी उचलून दुसरा फाटा शोधावा. परीक्षक म्हणून एसटीची वाट बघणारं जे कुणी असेल ते. या परीक्षकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात मोटारीला हात लावलेला असे तो ढकलण्यासाठी. पण निकाल देताना त्यांचा आवाज कापत नसे.

ही परीक्षा फाट्यावर आणली ती सटवाजीनंच. आणि तिनंच पुढं त्याचं जे केलं ते अजूनही कुणाला अन्याय वाटत नाही, म्हणून हे लिहिणं.

सटवाजी मूळचा पालमकडचा. निजामाच्या राज्यात तो हैदराबादेला गेला आणि एका नवाबाच्या मोटारखान्यात मोटारी धुता धुता त्या खोलायला शिकला. तिथं त्याला ‘अबे’ म्हणत. सगळी तरणाई त्यानं या नावावर काढली. छप्पन सालानंतर तो परत आला, बौद्ध झाला, सेलूकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी लिंबाखाली पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि नवाबाच्या मोटारखान्यातला रुपया लोकांना दाखवला. लोकांना तो फार आवडला. न शिकता तज्ज्ञ होण्याची सोय कुणाला आवडत नाही?

समोर पंडितचं हॉटेल होतं. तिथं सटवाजीचा कप वेगळा असे, कान तुटलेला, खिडकीच्या फळीवर पालथा घातलेला. पंडितची मोटारसायकल मात्र सटवाजीकडंच यायची, आणि तिचे सुटे भाग वेगळ्या फळीवर ठेव असं पंडितनं कधी सांगितल्याचं ऐकिवात नाही. सटवाजीच्या हातचं पाणी न पिणारी माणसं सटवाजीच्या हातच्या इंजिनावर भरवसा ठेवून बायकामुलांसह तुळजापूरला जाऊन येत. देवीनंही कधी हरकत घेतली नाही.

सटवाजी गरीब बिचारा वगैरे नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. बोलायला तिखट, बढाईखोर, आणि आपल्याला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही याचा त्याला मनापासून आनंद होत असे.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल इतकं महागलं, की भल्याभल्यांच्या मोटारी गोठ्यात गेल्या आणि बोनेटवर कोंबड्या बसू लागल्या. नेमक्या त्याच साली सेलूचे जिनिंगवाले दिनकरराव यांना आपली फियाट शर्यतीत पळवण्याची इच्छा झाली. ते गॅरेजपुढं गाडीतून उतरले ते हेच बोलत.

“सटवाजी, आपल्याला हैदराबादेत पळायचंय.”

“कुणाच्या भ्यानं, मालक?”

“शर्यत हाय. आमच्या व्याह्याच्या मोटार क्लबची. जुन्या विमानांच्या धावपट्टीवर. गाडी अशी कर, की व्याह्यानं तोंडात बोट घातलं पाहिजे.”

“व्याह्याचं तोंड मी बगून घेतो. पर इंजिन खोलावं लागंल. क्याम बदलावा लागंल.”

“काय बदलायचं ते बदल. आणि ऐक, तिथं भोंग्यावरून गाडीवाल्याचं नाव वाचतेत, तसं मेकॅनिकचंबी वाचतेत. तुझं दिलंय कळवून. सटवाजी लिंबाजी, देवगाव फाटा.”

सटवाजीनं हातातला पाना खाली ठेवला. पैशाचं काय ते त्यानं विचारलंही नाही. ज्या शहरानं इतकी वर्षं त्याचं नाव विचारलं नव्हतं, त्या शहरात ते बापाच्या नावासकट भोंग्यावरून वाचलं जाणार होतं. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. क्याम आपल्या हातचा, गाडी त्या क्यामवर पळणार, आणि मग नाव. या क्रमानंच त्याला ते हवं होतं.

आता क्याम म्हणजे काय, हे फाट्यावर ज्यांना आजही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पोटात एक हातभर लांबीची कांब फिरत असते. तिच्यावर आठ उंचवटे असतात. सटवाजी त्यांना अंडी म्हणे, कारण बाजूनं बघितलं तर प्रत्येकाचा आकार अंड्यासारखाच, एकीकडं गोल बूड आणि एकीकडं निमुळतं टोक. टोक वर आलं की इंजिनाची एक झडप उघडते, टोक सरकलं की मिटते. झडप किती उघडली हे टोकाच्या उंचीवर, आणि किती वेळ उघडी राहिली हे अंड्याच्या खांद्यावर. खांदा भरलेला असेल तर झडप लवकर उघडते, उशिरा मिटते आणि भरधाव असताना इंजिन छाती भरून श्वास घेतं. पण तेच इंजिन जागेवर हळू चालवलं, तर आत घ्यायच्या वाऱ्यात जळका धूर मिसळतो आणि ते अडखळतं, उचकी लागल्यासारखं चालतं. त्याला इलाज नाही. पळण्याची किंमत उभं राहण्यात द्यावी लागते.

सटवाजीनं हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक क्याम मिळवला. तो मद्रासकडं शर्यतीत पळलेल्या फियाटचा आहे असं विकणारा म्हणाला, आणि अंडी बघून ते खरं वाटत होतं. दुसरा क्याम कंपनीचा, भंगारातल्या गाडीचा. दोन्हींची तुलना करायची, तर कांब किती फिरली की झडप किती उचलली जाते हे मोजलं पाहिजे. उंची मोजायचं काट्याचं घड्याळ त्यानं पूर्ण्याच्या रेल्वे शेडमधल्या एका ओळखीच्या फिटरकडून मागून आणलं. फिरणं मोजायला मोठी गोल चकती हवी होती. ती घरातच मिळाली. त्यानं बायकोच्या पितळी थाळीला मधोमध भोक पाडलं, काठावर अंश कोरले आणि ती क्यामच्या टोकाला आवळली.

मनकर्णा गॅरेजमध्ये आली ती थाळी शोधत.

“ही माज्या आईनं दिलेली थाळी हाय!”

“मग तुज्या आईचं नाव निघंल हैदराबादेत.”

“नाव तुमचं निघायलंय, भोक माज्या थाळीला. भाकर कशात खायची आता?”

“ह्याच्यातच खायची. भाकर काय भोकातून पडती व्हय?”

“आमटी पडती!”

थाळी काही परत गेली नाही. सटवाजी ती एक-एक अंश फिरवी, काटा बघे आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर खूण करी. मग खुणांवरून पत्रा कापी. असं कंपनीचं अंडं पत्र्यात तयार झालं, मद्रासचं तयार झालं, आणि दोन्ही एकावर एक धरून तो उजेडात बघत बसे. कंपनीचं अंडं निमुळतं, सावध, सरकारी नोकरासारखं वेळेवर उघडून वेळेवर बंद होणारं. मद्रासचं आडव्या खांद्याचं, बंद होण्याचं नाव न घेणारं. येईल त्याला तो हे पत्रे दाखवी. एसटीचे कंडक्टर गॅरेजच्या बाजूनं उतरेनासे झाले.

“मद्रासचा तसाच्या तसा घाल की,” दिनकरराव म्हणाले.

“मद्रासच्या गाडीला दोन कार्बोरेटर असतेत, मालक. तुमच्या फियाटला एक. एका नाकपुडीनं किती वढंल ती? हिला मधला पायजे.”

तो मधला त्यानं स्वतः घडवला. टोकाची उंची वाढवायची, तर टोकावर लोखंड चढवायचं नाही, बुडाचं काढायचं, हे त्याला मोटारखान्यातल्या उस्तादानं शिकवलं होतं. कंपनीचा भंगारातला क्याम त्यानं दिनकररावांच्याच जिनिंगमधल्या खरादावर चढवला, दगडाच्या चाकानं बुडं उतरवली, खांदे आपल्या पत्र्याच्या मापानं सोडले आणि शेवटचा हात तेलदगडानं फिरवला. आठ अंडी, आणि प्रत्येकाला पत्रा लावून मागून उजेड दिसतो का ते बघायचं. उजेड दिसेनासा झाला तेव्हा त्यानं क्याम फियाटमध्ये घातला.

पहिल्यांदा गाडी पळवली ती मंठ्याच्या रस्त्यावर. चालवायला सटवाजी आणि शेजारी दिनकररावांचा ड्रायव्हर नागनाथ. सुरुवातीला गाडी रुसल्यासारखी चालली, आणि मग एका वेगाच्या पुढं तिनं जे तोंड उघडलं, ते बंद करायला तयार होईना. काटा अशा जागी गेला, जिथून पुढं कंपनीनं आकडे लिहिणं सोडून दिलेलं होतं.

“उस्ताद, थांबवा! माजी लेकरं बारीक हायत!”

“आजून थोडं हाय हिच्यात.”

“असू द्या तिच्यात!”

परत आल्यावर नागनाथ बराच वेळ लिंबाला धरून उभा होता. “आपण जिमिनीवरच व्हतो का?” एवढंच त्यानं विचारलं. सटवाजी त्या दिवशी पंडितच्या हॉटेलात गेला आणि कान तुटलेल्या कपातला चहा जणू नवाबाच्या चिनी मातीतला असावा तसा प्याला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची चूक फाट्यावरची माणसंच करू शकतात.

हैदराबादला निघण्याआधी दिनकररावांनी दोन-चार पाहुणे घेऊन फाट्यावर गाडी दाखवायचं ठरवलं. गाडी दाखवायची म्हणजे रुपया उभा करायचा. दुसरी रीत कुणाला माहीतच नव्हती. बोनेट उघडलं. इंजिन सुरू झालं. धडक-धडक, मग दम, मग पुन्हा धडक. पंडितनं पुढं होऊन झाकणावर रुपया उभा केला. रुपया पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला, आणि या वेळी घरंगळत गटारात गेला.

“उस्ताद,” पंडित म्हणाला, “हिला दमा झालाय.”

एसटीची वाट बघणारे सगळे हसले. हसणाऱ्यांत अशीही माणसं होती ज्यांचे ट्रॅक्टर सटवाजीनं उधारीवर चालू ठेवले होते.

“हिला उभ्यानं बगू नका,” सटवाजी म्हणाला. “पळवून बगा.”

“आधी नीट उभी तर राहू दे,” दिनकरराव म्हणाले.

“शर्यत उभं राहायची हाय का पळायची, मालक?”

“तूच सांगत आलायस ना, रुपया खोटं बोलत न्हाई म्हणून?”

“ते सवारीच्या गाडीचं! ही सवारीची गाडी हाय का आता? तिचे खांदे बगितले का तुमी? पत्रे दाखवलेत मी तुमाला!”

“पत्रे बगून काय करू? लंगडायलीय ती डोळ्यादेखत.” दिनकरराव नागनाथकडं वळले. “तू बसला व्हतास ना हिच्यात? पळाली का?”

नागनाथनं मालकाचं तोंड बघितलं. त्या तोंडावर उत्तर लिहिलेलं होतंच. “पळाली आसंल, मालक,” तो म्हणाला. “माजे डोळे मिटले व्हते.”

आणि आता जे सांगतो ते सटवाजीच्या विरुद्ध जाईल, पण सांगितलं पाहिजे. त्याच्या हातात त्या वेळी पेचकस होता. कार्बोरेटरच्या बाजूचा एक स्क्रू जरा आवळला असता, तर इंजिन जागेवर थोडं जोरात चाललं असतं, उचकी बुजली असती आणि रुपया निदान पाहुणे जाईपर्यंत उभा राहिला असता. गाडी हैदराबादला गेली असती. सटवाजीला हे फाट्यावरच्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. त्यानं पेचकस खिशात घातला.

“कामून न्हाई आवळला?” असं त्याला पुढं कुणीतरी विचारलं.

“आवळला आसता तर त्यांनी रुपयाचं नाव घेतलं आसतं. क्यामचं न्हाई,” तो म्हणाला, आणि विचारणाराच मूर्ख असल्यासारखं त्याच्याकडं बघितलं.

आडमुठेपणा म्हणा हवं तर. पण ज्या माणसाच्या हातून फाट्यावरचं प्रत्येक इंजिन धड झालं होतं, त्याच्या एका शब्दाला पडलेल्या रुपयाइतकीही किंमत मिळू नये, याची चीड त्या गर्दीत कुणाला आली नाही. ती एकट्या मनकर्णाला आली. गॅरेजच्या दारातून तिनं पंडितला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

“जुना क्याम घाल,” दिनकरराव म्हणाले.

“ह्या हातानं घालणार न्हाई.”

मग दुसऱ्या हातांनी घातला. गाडी परभणीला गेली, तिथल्या एकानं कंपनीचा कोरा क्याम बसवला. सटवाजीचा क्याम गोणपाटात गुंडाळून गॅरेजपुढं परत आला. आणून टाकणारा नागनाथच. तो खाली बघतच आला आणि खाली बघतच गेला.

शर्यत झाली. दिनकररावांची फियाट सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्या पुढच्या गाडीचा धूर बसून सगळ्यांनी घाम पुसला तरी ही येतच होती, असं म्हणतात. नागनाथ परत आला तो थेट गॅरेजवर, खूश होऊन.

“उस्ताद, तुमचं नाव घेतलं बगा! भोंग्यावर! सटवाजी लिंबाजी, देवगाव फाटा. सुरुवातीला बी घेतलं, आन् शेवटचा नंबर सांगताना बी घेतलं.”

क्याम काढायला लावणाऱ्यांनी नाव काढायची तसदी घेतली नव्हती. सटवाजीनं नागनाथकडून ते दोनदा वदवून घेतलं. आपल्या नावाची जेवढी वाट त्यानं बघितली होती, तेवढी फजिती हैदराबादनं नेमकी त्या नावालाच बांधली होती, आणि तीही दुसऱ्याच्या क्यामपायी.

इकडं दिनकरराव व्याह्याला आणि सेलूच्या बाजारात येईल त्याला सांगत होते, “एकदा हात लागलेलं इंजिन. ते काय पळणार?” कसला हात, हे कुणी विचारलं नाही. ऐकणाऱ्यांना ते आपोआप कळत होतं, आणि सांगणाऱ्याला ते कळतं हे माहीत होतं.

सटवाजी जिनिंगवर गेला.

“माजं नाव काढा, मालक.”

“कशातून काढू?”

“जितून वाचलं तितून.”

“अरे, भोंग्यातून गेलेला आवाज मी आता धरून आणू काय?”

“मग त्याच भोंग्यातून सांगा, क्याम माजा नव्हता म्हणून.”

“शर्यत संपली, सटवाजी. त्या धावपट्टीवर आता म्हशी चरतेत. त्यांना सांगू?”

जिनिंगमधले हमाल हसले. सटवाजी बाहेर पडला आणि सरळ टुरिंग टॉकीजच्या तंबूत गेला. तिथं एक सायकल रिक्षा असे, तिच्यावर भोंगा बांधलेला. त्याच्यातून सिनेमाची जाहिरात व्हायची. तिची बॅटरी सटवाजीच नेहमी दुरुस्त करून देई. बाजाराच्या दिवशी त्यानं ती रिक्षा मागून घेतली.

सेलूच्या बाजारात भर गर्दीच्या वेळी ती रिक्षा मिरचीच्या रांगेशी थांबली. सटवाजी वर उभा. एका हातात आपला क्याम, दुसऱ्या हातात फियाटमधून आधी काढून ठेवलेला कंपनीचा जुना. टॉकीजच्या माणसानं माईक त्याच्या तोंडापुढं धरलेला.

“मी सटवाजी लिंबाजी, देवगाव फाट्याचा मेकॅनिक. हैदराबादेत जी गाडी सगळ्यांच्या मागं राहिली तिच्यात माजा क्याम नव्हता. माजा क्याम ह्यो हाय. तिच्यात ह्या दुसऱ्यासारका कंपनीचा व्हता. दोनी हितं हायत. हात लावून बगा आन् मग माजं नाव घ्या!”

लोकांना वाटलं नवा सिनेमा आला. गर्दी झाली. सटवाजी खाली उतरला आणि दोन्ही क्याम त्यानं मिरच्यांच्या ढिगाशेजारी मांडले. मिरची विकणाऱ्या बायनाबाईनं मान तिरपी करून बघितलं.

“दोनी सारकेच की रं बाबा.”

“सारके?” सटवाजी ओरडला, आणि माईक जवळ असल्यानं सगळ्या बाजारावर ओरडला. “सारके म्हणू नका, मावशी! बोट फिरवा. ह्याच्यावर. आता ह्याच्यावर.”

बायनाबाईनं पदराला हात पुसून बोट फिरवलं. “ह्याचा खांदा भरलेला हाय.”

“मग?”

“मग ह्यो जास्त वढत आसंल.”

“ऐका!” सटवाजी म्हणाला. “जिनिंगच्या मालकाला हे कळत न्हाई!”

तेवढ्यात त्याला गर्दीत नागनाथ दिसला, मालकाच्या घरची भाजीची पिशवी घेऊन उभा.

“नागनाथा, हिकडं ये. डोळे मिटायच्या आधी काय बगितलंस ते सांग.”

नागनाथनं आजूबाजूला बघितलं. दिनकररावांचे दोन हमाल तिथंच होते. त्यानं पिशवी आधी या हातातून त्या हातात घेतली, मग खाली ठेवली.

“मी नागनाथ, दिनकररावांचा ड्रायव्हर,” तो माईकमध्ये म्हणाला. स्वतःचाच आवाज एवढा मोठा ऐकून तो थोडा मागं सरला, पण थांबला नाही. “मंठ्याच्या रस्त्याला ती गाडी सटवाजी लिंबाजीच्या क्यामवर पळाली. मी बसलो व्हतो. काट्याचे आकडे संपले व्हते.”

दुसऱ्या दिवशी नागनाथ दिनकररावांचा ड्रायव्हर राहिला नव्हता. डोळे मिटून बसणारा ड्रायव्हर आपल्याला नको, असं दिनकरराव म्हणाले. म्हशींनंतर त्यांनी केलेला हा दुसरा विनोद. नागनाथ पुढं जिंतूरकडं जीप चालवू लागला आणि मनकर्णानं त्याला एकदा जेवायला बोलावलं. आमटी वाटीत वाढली.

काही महिन्यांनी, नवीन ड्रायव्हर घेऊन, दिनकरराव फाट्यावर आले. गाडीतून उतरले नाहीत. काच खाली केली.

“व्याही म्हणतोय, पुन्हा शर्यत हाय. तो तुझा क्याम बसव या वेळी. नाव आधीसारखं देतो कळवून.”

सटवाजी एका जीपखाली होता. तो बाहेर आलाच नाही, नुसते पाय दिसत होते.

“नाव मी देईन कळवून, मालक. सटवाजी लिंबाजीची गाडी. तिच्याखाली चालवणाऱ्याचं म्हणून तुमचं लिवा.”

पंडितच्या हॉटेलातली माणसं हसली नाहीत. काय करावं हे त्यांना नीट कळलं नाही. दिनकररावांनी काच वर केली, आणि गाडी कंपनीच्या क्यामवर, जराही न अडखळता, बेताबेतानं सेलूकडं गेली.